संताची पिवळी मूठ

त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. जर्मनीत फ्रँकोनियातलं, नदीकाठचं, जुन्या दगडी पुलाचं गाव, एवढं पुरे. तिथल्या माझ्या घरमालकीणबाईंचं नावही सांगणार नाही. त्यांना ही लपवालपवी मुळीच आवडली नसती. पण त्यांच्या माघारी मला एवढी तरी मनमानी करू द्या, कारण मी त्यांच्या घरात होते तोवर मला गरम पाणीसुद्धा मनासारखं वापरता आलं नाही.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी सांगलीची मुलगी, रंगांच्या रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला तिथल्या संस्थेत गेले होते. बाईंनी पहिल्याच दिवशी मला ‘फ्रॉयलाइन डॉक्टर’, म्हणजे कुमारी डॉक्टर, म्हणायला सुरुवात केली. मी म्हटलं, अहो, अजून चार वर्षं आहेत त्याला. तर म्हणाल्या, होणारच नसाल तर खोली कशाला घेताय? पुढे प्रयोग फसून मी रडकुंडीला यायची तेव्हाही हाक तीच. लाजेकाजेनं पूर्ण करावी लागली डॉक्टरेट.

ठेंगण्या, रुंद बांध्याच्या बाई. नवरा युद्धात रशियाला गेला तो तिकडेच राहिला. हात मात्र असे की आमच्या तालमीतल्या एखाद्या वस्तादाला शोभावेत. वर्तमानपत्र उभ्यानं वाचायच्या, कारण बसून वाचलं की माणूस लिहिलेल्यावर विश्वास ठेवायला लागतो, असं त्यांचं मत. बटाट्याचं साल काढलं की ते खिडकीशी धरून बघायच्या; पलीकडचं झाड दिसलं नाही तर स्वतःवरच चिडायच्या. घरात नियम तीन. आंघोळ शनिवारी. कॉफीच्या चक्कीला हात लावायचा नाही. आणि तळघरातली कोबीची बरणी उघडायची नाही. कोबी म्हणजे त्यांचा तो मिठात आंबवलेला सावरक्राउट. आपल्याकडे लोणच्यावर दगड ठेवतात तसा त्यावर कापडात गुंडाळलेला एक दगड असायचा, आणि कोबी काढायला त्या स्वतःच खाली जायच्या. मला वाटायचं, जर्मन लोकांचं सोवळं.

रविवारी सकाळी सगळं गाव चर्चला जायचं, तेव्हा बाई पीस मोडलेली काळी हॅट घालून मला गाव दाखवायला निघायच्या. हातात पिशवी, पिशवीत थर्मास आणि दाढीच्या ब्रशाएवढा एक ब्रश. हा ब्रश पुतळ्यांचे कान साफ करायला. कबुतरं नेमकी कानात घाण करतात आणि नगरपालिका कान सोडून बाकीचं धुते, ही त्यांची जुनी तक्रार होती. वाटेतल्या एखाद्या बिशपचा कान कोरता कोरता त्या मला इतिहास सांगायच्या. लोक थबकून बघायचे. साडीतली मी आणि कान कोरणाऱ्या बाई, काय दृश्य असेल कल्पना करा.

त्यांची रीत ठरलेली. कुठल्याही पुतळ्यापुढे गेलं की मी सवयीनं खालची पाटी वाचायला वाकायची, की दंडाला धरून मला मागे नेत. “आल्झो,” त्या म्हणत, म्हणजे आपलं ‘तर मग’, “आधी पाठ बघायची. पुढची बाजू राजाला दाखवायला घडवतात. मागे घडवणाऱ्याला कंटाळा आलेला दिसतो.”

आणि खरंच दिसायचा. चौकातल्या दगडी देवदूताचे पंख पुढून पीस न् पीस कोरलेले, मागून ओबडधोबड. अर्ध्यावर पैसे संपले म्हणून, बाई म्हणायच्या. घोड्यावर बसलेल्या कुणा एका प्रिन्सच्या पाटीवर त्याचे विजय लिहिले होते. बाईंच्या लेखी तो घोडा म्हणजे डबे ठेवायची जागा. पोटाला खालून एक झाकण होतं, आणि युद्धानंतर बाया तिथे काम करायच्या तेव्हा उंदरांपासून लपवून जेवणाचे डबे त्या पोटात ठेवायच्या. एकदा म्हणे डबे आत असतानाच कुणीतरी साहेबानं झाकण पक्कं करवलं, आणि आठ बाया दिवसभर उपाशीपोटी प्रिन्सला शिव्या घालत होत्या.

हे सगळं त्यांना माहीत असायचं कारण अगदी साधं होतं. बॉम्बवर्षावात अर्धं गाव पडलं. पुरुष कुणी मेलेले, कुणी कैदेत. मग बायांनी रांगा लावून, हातोड्या घेऊन, एकेक वीट खरडून ते ढिगारे उपसले. बाई त्यातल्या एका तुकडीच्या मुकादम होत्या. गावातल्या निम्म्या विटा एकदा तरी त्यांच्या हातातून गेल्या होत्या. पोस्टाच्या भिंतीपाशी थांबून त्या सांगायच्या, हा पट्टा शाळेचा, हा दारूभट्टीचा. पावसात अजून माल्टचा वास येतो. मी नाक लावलं. मला काही आला नाही, पण मान डोलावली.

सगळंच असं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. गावाबाहेर एक हिरवीगार टेकडी होती, जोडपी फिरायला यायची. बाई तिच्यावर फार हळू चालायच्या. ती टेकडी म्हणजे उपसलेला मलबा होता, वर गवत लावलेलं. एका बाकाशी थांबून म्हणाल्या, साधारण इथे खाली माझ्या आत्याचं स्वयंपाकघर असावं. पुढे मला त्या बाकावर कधी बसवलं नाही. चर्चच्या पाटीवर मेलेल्या शिपायांच्या नावांवर ‘युद्धात पडले’ असं लिहिलं होतं, त्यावर त्या भडकायच्या. युद्ध काय पावसासारखं आपोआप पडतं का, कुणीतरी आणलं ना, आम्हीच आणलं, असं भर रस्त्यात बोलायच्या. आणि फर्निचरच्या दुकानाशेजारी एक मोकळी जागा होती, तिथे पाटी नव्हती, काहीच नव्हतं. तिथे त्या सगळ्यात जास्त वेळ उभ्या राहायच्या. इथे सिनगॉग होतं, ज्यूंचं प्रार्थनामंदिर, त्यांनी मला सांगितलं, ते जाळलं तेव्हा मी समोरच्या फूटपाथवर उभी होते, आणि घरी जाऊन मी सूप केलं. त्या काळी तिथे असं बोलणारं मला दुसरं कुणी भेटलं नाही. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि थोडी भीतीही वाटली.

एवढं सगळं दाखवणाऱ्या बाई जुन्या पुलावर मात्र कधी न्यायच्या नाहीत. पुलाच्या मध्यावर एका संताचा उंच पुतळा होता. बॉम्बमध्ये त्याचा उजवा पंजा आणि त्यातला लोखंडी दंड गेला होता, आणि तो थोटा हात पुढे करून उभा होता. पलीकडे जायचं तर आम्ही लांबचा नवा पूल घ्यायचो. मी विचारलं तर म्हणाल्या, त्याची गोष्ट लांबलचक आहे. समोरच्या घरात एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहायच्या, त्यांच्याशीही असंच. माझ्या कोटाचं अस्तर उसवलं तेव्हा मला तिकडे पाठवलं, पण स्वतः त्या दारावरून जाताना बाई मान खाली घालून झपझप जायच्या. गल्ली ती केवढी, दोन हातगाड्या शेजारून जाणार नाहीत. शेजारणींचं वैर सांगलीत काय कमी बघितलं होतं मी? म्हटलं, असेल काहीतरी नळावरचं. नळ होताच, पण तो पुढे येईल.

दुसऱ्या हिवाळ्यात बाई आजारी पडल्या. ताप आणि असा खोकला की भिंती हलाव्यात. डॉक्टर नको, त्यांना पाठ दाखवायची नाही, हा त्यांचाच विनोद. मग मी माझ्या घराण्याचा उपाय काढला. आईच्या पार्सलमध्ये हळकुंडं होती. दळलेल्या हळदीवर माझ्या आईचा विश्वास नव्हता, सांगलीत राहूनसुद्धा, किंवा राहत होतो म्हणूनच. आता हळकुंड कुटायचं कशानं? कॉफीच्या चक्कीत घातलं असतं तर बाई बऱ्या होऊन मला घराबाहेर काढत्या. सहाण नाही, वरवंटा नाही. आणि मला तळघरातला तो दगड आठवला.

बरणीतला कोबी तळाला गेला होता. कापड सोडलं. आत दगड, वर मनगटासारखा गोल दांडा आणि खाली चक्क एक मिटलेली मूठ, बोटांच्या पेरांसकट. तुम्ही म्हणाल, तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं. ज्या देशात अक्रोड फोडायच्या अडकित्त्यालाही दाढीवाला शिपाई करतात, तिथे कोबी दाबायच्या दगडाला मूठ असली तर मला काय नवल? उलट वाटलं, वा, किती कौतुकानं बनवतात एकेक वस्तू. धुऊन घेतला. दांड्यानं हळकुंड फोडलं, मग दांड्याच्या सपाट टोकावर पाणी घालून उगाळलं. उत्तम सहाण. चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, गरम दूध आणि हळद. बाई तोंड वाकडं करत पण पेला रिकामा करत. खोकला उतरला.

पाचव्या दिवशी दगड परत ठेवायचा म्हणून नीट बघितला, तर मूठ नवरदेवासारखी पिवळीजर्द. वाळूचा दगड, आतपर्यंत प्यायला होता. आता ऐका माझी अक्कल. रंगांची रसायनशास्त्रज्ञ मी. सांगलीची मी. हळदीत चुना पडला की काय होतं ते आमच्याकडे कुंकू करणारी म्हातारीसुद्धा जाणते. आणि मी घाबरून काय केलं, तर धुण्याचा सोडा खसाखसा चोळला. दोन मिनिटांत ती मूठ रक्तासारखी लाल झाली.

नेमक्या तेव्हा बाई झगा सावरत स्वयंपाकघरात आल्या. मोरीत लाल मूठ, माझे हात लाल. त्या स्टुलावर बसल्या. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्यांनी नियमाबद्दल विचारलं नाही, डागाबद्दलही नाही.

“कुणी बघितलं का?” एवढंच त्यांनी विचारलं.

मी कुणी नाही म्हटलं आणि भीतभीत व्हिनेगर ओतलं. मूठ पुन्हा पिवळी झाली. ती माझ्या हातात तशीच असताना बाईंनी सगळं सांगितलं. पुलावरच्या संताची ती मूठ. ढिगारे उपसताना त्यांना सापडली होती. नियम कडक होता: कोरीव काम, धातू, जे सापडेल ते नगरपालिकेच्या आवारात जमा करायचं. मुकादम म्हणून त्याची जबाबदारी त्यांच्यावरच होती. “त्या दिवशी सकाळपासून हाताला लागलं ते सगळं अर्धं होतं,” त्या म्हणाल्या. “अर्धी बशी, अर्धी खुर्ची, अर्धी बाहुली. ही मूठ पूर्ण होती. मी ती एप्रनमध्ये गुंडाळली आणि घरी आणली.” घरांची तपासणी व्हायची, म्हणून कोबीच्या बरणीत घातली. कोबीत कोण हात घालणार?

एवढ्यावर थांबतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण त्याच आठवड्यात तुकडीतल्या एका बाईनं मलब्यातला पितळी नळ एप्रनआड लपवला होता, आणि मुकादमबाईंनी तो पकडून कागदोपत्री कळवलं होतं. त्या बाईचं काम गेलं. कष्टाच्या कामाला जादा पावाचं कार्ड मिळायचं, तेही गेलं. ती बाई म्हणजे समोरची शिवणकामवाली. बारा-तेरा वर्षं दोघी समोरासमोर राहत होत्या.

आणि आता मुदत आली होती. बाईंनी कपाटातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. वसंतात पूल दुरुस्त होऊन खुला होणार, आणि संताला एक तरुण शिल्पकार नवी मूठ घडवून देणार. एकदा ती बसली की जुनी मूठ कायमची बरणीत. नेऊन द्यावी तर गावासमोर चोर ठरायचं, आणि समोरच्या बाईसमोर त्याहून वाईट काहीतरी. कात्रणाच्या घड्या पार झिजल्या होत्या, इतक्यांदा ते उघडलं होतं.

मी पंचविशीची, त्या वयात दुसऱ्याला उपदेश करताना जीभ अडखळत नाही. मी म्हटलं, “दर रविवारी तुम्ही मला सगळ्या गावाची पाठ दाखवता. स्वतःची तेवढी झाकून ठेवली आहे.”

बोलले आणि जीभ चावली. दोन दिवस बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या शनिवारी गरम पाणीही मिळालं नाही. मी गारठलेल्या पाण्यानं आंघोळ करत स्वतःला मनसोक्त दूषणं दिली. ज्या बाईनं परक्या मुलीला घर दिलं तिला हे ऐकवायची काय गरज होती मला?

सोमवारी सकाळी दार वाजलं. बाई हॅट घालून उभ्या, पिशवीत थर्मास नव्हता, मूठ होती. जड असल्यानं पिशवी मी घ्यायची, आणि नगरपालिकेच्या आधी समोर जायचं, असा हुकूम झाला. त्यांचा आवाज बसला होता. खोकल्यानं म्हणावं तर खोकला गेला होता.

शिवणकामवाल्या बाईंनी दार उघडलं, तोंडात टाचण्या. मालकीणबाईंनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. माझ्या पिशवीतून मूठ काढून त्यांच्या शिवणाच्या मशीनवर ठेवली आणि म्हणाल्या की ही मी नेली होती, तुझ्या नळाच्याच आठवड्यात. समोरच्या बाईंनी एकेक टाचणी तोंडातून काढून उशीला टोचली. मग त्या म्हणाल्या, “मला वाटायचं, तुझ्या लेखी मी चोर, म्हणून तू माझ्याकडे बघत नाहीस.”

“चोर मी होते,” बाई म्हणाल्या. “म्हणून बघत नव्हते.”

इथे दोघी गळ्यात पडल्या असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पडल्या नाहीत. समोरच्या बाई चांगल्याच संतापल्या. त्या हिवाळ्यात आपण आणि आपली आई सालींचं सूप पिऊन राहिलो, हे त्यांनी तपशिलात ऐकवलं, आठवड्या-आठवड्यांनिशी. मालकीणबाईंनी मान वर ठेवून सगळं ऐकलं. ऐकताना माझेच डोळे भरून आले. शेवटी समोरच्या बाईंनी खुंटीवरचा कोट काढला. मी येते बरोबर, त्या म्हणाल्या, तू तिथे नीट सांगतेस का ते बघायला.

नगरपालिकेत जाडजूड चष्म्याचे एक साहेब. बाईंनी खणखणीत आवाजात सगळी कबुली दिली, मागच्या बाकावरच्या लोकांनाही ऐकू जाईल अशी. मी पोलीस कधी येतात याची वाट बघत होते. साहेबांनी एक फॉर्म काढला. वस्तू: मूठ, एक. सापडल्याचं ठिकाण. जमा करायला विलंब का? बाई म्हणाल्या, “मला ती हवी होती.” साहेबांनी तसंच लिहिलं आणि शिक्का मारला. बारा-तेरा वर्षांची धास्ती, आणि काम झालं चार मिनिटांत. फक्त रंगाशी साहेब अडले. हे पिवळं काय? मी हळद समजावून सांगितली, औषध म्हणून, मसाला म्हणून, लग्नातली म्हणून. त्यांनी विचारलं, जाईल का? मी म्हटलं, उन्हात उडतो हा रंग. मग त्यांनी गंभीर चेहऱ्यानं लिहिलं: ‘तात्पुरती पिवळी.’ साक्षीदार म्हणून खाली समोरच्या बाईंनी सही केली. परत येताना दोघी माझ्या दोन बाजूंनी चालत होत्या, एकमेकींशी न बोलता, पण एकाच फूटपाथवरून.

वसंतात मूठ संताच्या मनगटाला बसली. तरुण शिल्पकार खूश, कारण त्याला बोटं घडवायची धास्ती होती, आता नुसता मुठीतला लोखंडी दंड करायचा राहिला. बँड वाजला, महापौरांनी भाषणात ‘मलब्यातून जपलेला वारसा’ असं काहीतरी म्हटलं. ऐन उन्हात संत हळद लागल्यासारखा उभा. मी आईला पत्रात सगळं लिहिलं. तिचं उत्तर आलं की देवाच्या हाताला हळद लागली यात घाबरण्यासारखं काय आहे, आणि त्या बाईंना अजून हळकुंडं पाठवू का?

डॉक्टरेट झाली आणि परतायच्या आदल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर शेवटची फेरी मारली. आता फेरी जुन्या पुलावरून जायची, आणि समोरच्या बाईही बरोबर असायच्या. रंग केव्हाच उडाला होता. पुलावर दुसऱ्या गावाहून आलेली काही मंडळी संताची पाटी वाचत होती. मालकीणबाईंनी त्यांना पुतळ्यामागे बोलावलं, ब्रश पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, “आल्झो, ही मूठ मी चोरली होती.”

लोक हसले. म्हातारी गमतीची आहे असं त्यांना वाटलं.

“हसू नका,” शेजारून शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या. “खरं आहे ते. मी साक्षीला आहे.”